सहा फुटी फिश टँक आणि आपला स्लॅब: घरात ठेवण्याआधी हे बघून घ्या

दुकानात टँक पसंत पडतो, अरोवाना माशाचा भाव ठरतो, स्टँडचा रंगसुद्धा ठरतो आणि मग घरी येता येता कुणाच्या तरी डोक्यात येतं की अरे आपण चौथ्या मजल्यावर राहतो, एवढं वजन स्लॅबला झेपेल का. दुकानदाराला फोन लावला की तो म्हणतो काही होत नाही साहेब, आपण बाराव्या मजल्यावर पण बसवलेत. इंटिरियरवाला म्हणतो पाच इंची स्लॅब आहे, हत्ती उभा करा. सासरे म्हणतात बिल्डिंग खाली येईल. तिघांपैकी एकानेही आकडेमोड केलेली नसते, म्हणून आपण करू.

घाईत असाल तर एवढं वाचा: चांगल्या अवस्थेतल्या आरसीसी बिल्डिंगमध्ये चार फुटापर्यंतचा टँक, खाली बीम असलेल्या भिंतीला लावून ठेवला तर सहसा काही प्रॉब्लेम येत नाही. सहा फुटीला जागा नीट निवडावी लागते आणि एकदा इंजिनियरला दाखवलेलं बरं. त्याच्या पुढे, म्हणजे आठ फुटी किंवा तीन फूट उंच वगैरे, तर आरसीसी कन्सल्टंटने ड्रॉइंग बघितल्याशिवाय ऑर्डरच देऊ नका. बंद केलेली बाल्कनी आणि लाकडी माळ्याची जुनी घरं यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

आधी खरं वजन काढा

टँकची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्या, तिन्हीचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, झाले लिटर. माप इंचात असेल तर गुणाकाराला ६१ ने भागा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ६ बाय २ बाय २ चा टँक म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर. वरचे दोन-तीन इंच आपण रिकामे सोडतो म्हणून ६०० किलो पाणी धरा.

आता बाकीचं, कारण लोक नेमके इथेच थांबतात. काच जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो भरते, म्हणजे १२ एमएमची काच ३० किलो. सहा फुटी टँकला तळ आणि चार बाजू मिळून ४४ चौरस फूट काच लागते, ती झाली सव्वाशे किलोच्या आसपास. तळाला दोन इंच रेती घातली तर ८५ किलो, ती थोडं पाणी बाजूला सारते म्हणून ३०-३५ किलो वजा करा. लोखंडी स्टँड आणि त्याला मारलेलं प्लायचं पॅनेलिंग ६०-८० किलो. वर हूड, लाईट, फिल्टर. सगळं मिळून ९०० किलोच्या घरात जातं. खाली सम्प म्हणजे फिल्टरची जोडटाकी असेल तर अजून ८०-१०० लिटर मोजा, आणि ज्यांना मोठमोठे दगड रचायचा शौक आहे त्यांनी दगड वजनकाट्यावर ठेवून बघा, दगड पाण्याच्या अडीचपट जड असतो.

घाईत अंदाज हवा असेल तर काठोकाठ भरल्यावर जेवढे लिटर होतात त्यात एक तृतीयांश मिळवा. ४ बाय दीड बाय दीडचा टँक २५५ लिटरचा, म्हणजे एकूण ३४० किलो. दोन फुटी छोटा ५६ लिटरचा, ७५ किलो, त्याचा विचारही करू नका. समुद्री माशांचा असेल तर पाणी दोन-अडीच टक्के जड असतं, तेवढ्याने काही बिघडत नाही पण त्यातले दगड मात्र मोजा.

दोनशे किलोचा आकडा आणि त्यावरून होणारी घाबरगुंडी

आपल्याकडे घरांच्या स्लॅबवर किती भार धरायचा ते आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या (कोडच्या) भाग २ मध्ये दिलंय, १९८७ सालचं. राहत्या घराच्या खोल्यांना चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. आता लोक काय करतात, सहा फुटी टँकखालची जागा काढतात, ती येते १२ चौरस फूट म्हणजे १.१ चौरस मीटर, ९०० ला त्याने भागतात आणि ८०० किलो आला की हात पाय गाळतात, चारपट झालं म्हणून.

हा हिशोब चुकीचा आहे. एक साधा माणूस, ७० किलोचा, दोन पायांवर उभा राहिला तर त्याच्या तळव्यांखाली चौरस मीटरला दीड हजार किलोच्या वर दाब पडतो, आणि स्लॅबला काही होत नाही. दोनशे किलोचा आकडा म्हणजे अख्ख्या खोलीभर एकसारखा पसरलेला भार. १० बाय १२ ची खोली ११ चौरस मीटरची, म्हणजे त्या स्लॅबवर सगळं मिळून सव्वादोन टन धरलेले असतात. तुमचा टँक त्यातले ९०० किलो खातो, उरलेल्यात बेड, कपाट, पुस्तकं, माणसं आणि गणपतीत घरी येणारे २०-२५ पाहुणे बसवायचे.

पण म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन सव्वादोन टनाची परवानगी आहे असं समजू नका. पसरलेला भार आणि एका जागी गोळा झालेला भार स्लॅबला वेगवेगळा वाकवतो. आणि पाहुणे जेवून घरी जातात, टँक पाच वर्षं दिवसरात्र तिथेच बसून असतो. काँक्रीटवर भार कायम राहिला की ते हळूहळू अजून वाकत जातं, त्याला क्रीप म्हणतात, नवीन बिल्डिंगमध्ये जास्त आणि दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकलेल्या काँक्रीटमध्ये कमी. काँक्रीटच्या कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, शेवटचा झोळ गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, अडीचशेव्या भागापेक्षा जास्त नसावा असं आहे, म्हणजे ३ मीटरला १२ एमएम. त्यामुळे भरल्या दिवशी काही झालं नाही म्हणजे झालं, असं नसतं.

लोकांचा अजून एक लाडका मुद्दा, बाथरूमच्या लॉफ्टवर ५०० लिटरची टाकी आहेच की वर्षानुवर्षं. आहे, पण तो लॉफ्ट चार फुटाचा आणि दोन-तीन बाजूंनी भिंतींवर टेकलेला. तुमच्या हॉलचा गाळा १०-११ फुटी. तुलना होत नाही.

सगळा खेळ जागेचा आहे

हे एक गणित करून बघा, मला वाटतं इथेच सगळं कळतं. समजा १० फुटी गाळ्याचा स्लॅब आहे, दोन समोरासमोरच्या बीमवर टेकलेला. तोच ९०० किलोचा सहा फुटी टँक एकदा बीमला लागून, बीमच्या लांबीने ठेवला, आणि एकदा त्याच दिशेने पण खोलीच्या मधोमध. मधोमध ठेवल्यावर स्लॅबला वाकवणारा जोर बीमलगतच्या साधारण तिप्पट येतो. वजन तेच, टँक तोच, मासेही तेच. अजून सांगायचं तर अख्खी खोली २०० किलोच्या दराने भरली असती तर स्लॅबच्या टँकएवढ्या लांबीच्या पट्ट्याला जेवढा जोर आला असता, त्याच्या जवळपास निम्मा बीमलगतच्या टँकने येतो आणि जवळपास दीडपट मधोमध ठेवलेल्याने. हा कच्चा हिशोब आहे, प्रत्यक्षात शेजारचा स्लॅबही थोडा भार वाटून घेतो, पण किती फरक पडतो ते लक्षात येतं.

त्यामुळे इंटिरियरच्या फोटोत दिसतो तसा हॉल आणि डायनिंगच्या मध्ये पार्टिशनसारखा आडवा टँक, दोन्हीकडून मासे दिसणारा, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, जोपर्यंत त्याच्या बरोबर खालून बीम जात नाही. शिवाय एक टोक भिंतीशी बीमवर आणि दुसरं टोक स्लॅबच्या पोटात अशी मांडणी असेल तर दोन टोकं सारखी दबत नाहीत आणि काचेला पीळ बसतो. काच वजन घेते, पीळ घेत नाही. मग सिलिकॉनच्या सांध्यातून झिरपायला लागतं आणि लोक टँकवाल्याला शिव्या घालतात.

मग बीम शोधायचा कसा? खाली टाईल आहे, काय दिसणार. तर वर बघा. बहुतेक बिल्डिंगमध्ये सगळे मजले एकासारखे एक असतात, तुमच्या छताला जिथे बीम उतरलेला दिसतो तिथेच तुमच्या पायाखालीही असतो. अपवाद दोन: सगळ्यात वरचा मजला, कारण डोक्यावर गच्ची असते आणि तिथली मांडणी थोडी वेगळी असू शकते, आणि पोडियमच्या (पार्किंग, दुकानं असलेल्या खालच्या पसरट भागाच्या) लगेच वरचा मजला. खाली स्टिल्ट पार्किंग असलेल्यांची मजा आहे, पार्किंगमध्ये उभं राहून मान वर केली की सगळे बीम-कॉलम उघडे दिसतात, मोबाईलवर फोटो काढून घ्या. ज्यांनी पीओपीचं फॉल्स सीलिंग केलंय त्यांनी किचन, बाथरूमच्या दरवाजाच्या वर, किंवा शेजाऱ्याच्या घरात बघा, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणं चालू असेल तर त्यांचं छत म्हणजे तुमचाच स्लॅब, ते सगळ्यात उत्तम.

प्रत्येक भिंतीखाली बीम असतो हा गैरसमज काढून टाका. साडेचार इंची विटांची दहा फूट उंच भिंत फुटाला २०० किलो भरते, म्हणून चांगला डिझायनर तिच्याखाली बीम देतोच, पण सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या आतल्या भिंती बऱ्याचदा थेट स्लॅबवर उभ्या असतात. अशा भिंतीला टँक टेकवला तर आधीच भिंतीचं ओझं घेतलेल्या पट्ट्यावर अजून ९०० किलो. नंतर हौसेने बांधलेल्या भिंतीच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं. बाहेरची भिंत, कॉलमच्या जवळचा कोपरा, लिफ्टच्या किंवा जिन्याच्या बाजूची भिंत, या जागा सहसा भरवशाच्या. टँकची लांबी भिंतीला समांतर, पाठ भिंतीला, मध्ये वायर आणि पाईपपुरती चार-पाच इंच जागा.

नवीन उंच टॉवरमध्ये मायवान शटरिंगचं (अॅल्युमिनियमच्या साच्यांचं) काम असतं, तिथे बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि स्लॅब त्यांच्यावरच टेकतो, त्या भिंतीलगत टँकला चांगला आधार मिळतो. काही टॉवरमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, आत ताणलेल्या केबल असतात, तिथे स्टँड पक्का करायला म्हणून जमिनीत ड्रिल मारायचं नावही काढू नका.

वास्तूवाल्यांबद्दल एक वाक्य. पाण्याला ईशान्य कोपरा सांगतात, सांगू देत, पण तुमच्या फ्लॅटचा ईशान्य कोपरा जर बाल्कनीत येत असेल तर लाफिंग बुद्धा ठेवा तिथे.

बाल्कनी म्हणजे नाहीच

हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं कारण मुंबई-ठाण्यात अर्ध्या घरांत बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते. मधली भिंत काढली, खिडकी पुढे सरकवली, टाईल एकसारखी टाकली, पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही की इथे बाल्कनी होती. घर सेकंडमध्ये घेतलं असेल तर माहीतही नसतं. आणि टँक तिथेच जातो, उजेड असतो, कोपरा सुंदर दिसतो.

बाल्कनी बहुतेक वेळा कॅन्टिलिव्हर असते, एकाच बाजूने धरलेली, बाकी तीन बाजूंना अधांतरी. तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि स्लॅब भरताना कामगारांच्या पायाखाली ती सळई दबून खाली जाते, साईटवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. सळई इंचभर खाली गेली तरी बाल्कनीची ताकद बरीच कमी होते आणि ते बाहेरून कधीच कळत नाही. खोलीचा स्लॅब वाकतो, भेगा दाखवतो, सांगतो. कॅन्टिलिव्हर सांगत बसत नाही. कोडमध्ये बाल्कनीला ३ किलोन्यूटन दिलेत, खोलीपेक्षा जास्त, ते वाचून कुणी खूश होऊ नये, तो आकडा कठड्याला गर्दी होते म्हणून आहे, आणि तुमची खिडकी, ग्रिल, नवीन भिंत, एसीचं आउटडोअर युनिट यांनी त्यातला बराचसा आधीच वापरलेला असतो.

ओळखायचं कसं? बिल्डिंगच्या खाली जाऊन बाहेरून बघा, तुमची खिडकी भिंतीच्या रेषेच्या पुढे आलीय का, खालच्या-वरच्या मजल्यावर कुणाची बाल्कनी अजून उघडी आहे का. घरात छताकडे बघितलं तर जुन्या भिंतीच्या जागी बीम आडवा जाताना दिसेल, त्याच्या पलीकडचं सगळं बाल्कनी. टँक त्या बीमच्या आतल्या बाजूला. फ्लॉवर बेड, ड्राय बाल्कनी, छज्जा, खिडकीचा बाहेर काढलेला कट्टा, यांनाही तेच.

स्लॅबने आधी काय काय उचललंय

दोनशे किलोतले किती शिल्लक आहेत हा प्रश्न कुणीच विचारत नाही. जुन्या टाईलवर नवीन लादी टाकण्याचा प्रकार घ्या. फोडायचा खर्च आणि धूळ वाचते म्हणून लोक जुनी मोझॅक तशीच ठेवून वर दीड इंच मसाला आणि १८ एमएम मार्बल घालतात. मार्बलचे पन्नासएक किलो आणि मसाल्याचे ८०, म्हणजे चौरस मीटरला १३० किलो नवीन भार, कायमचा, अख्ख्या घरभर. केमिकलने चिकटवलेली व्हिट्रिफाइड टाईल असेल तर ३० किलोच्या आसपासच येतो, ते ठीक. दरवाजाच्या उंबऱ्याशी किंवा बाथरूमच्या तोंडाशी बघितलं की लादी किती चढलीय ते कळतं. अशा घरात सहा फुटीचा विचार करताना मी तरी आधी इंजिनियर बोलवेन.

मग बिल्डिंगची तब्येत. सिलिंगचे पोपडे पडलेत, सळई दिसतेय, बीमच्या खालच्या बाजूने सळईच्या रेषेत लांब भेग गेलीय, बाथरूमच्या खालच्या स्लॅबला ओल आहे, यातलं काहीही असेल तर टँकचा विषय बंद, आधी रिपेअर. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं, मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. आपल्याकडे सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षं वयाच्या बिल्डिंगचं पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या वरच्यांचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. तो रिपोर्ट सोसायटीच्या ऑफिसात फाईलला असतो, सभासद म्हणून मागा आणि तुमच्या विंगचं पान वाचा. रिपेअर सांगून ते झालेलं नसेल तर उत्तर मिळालं.

लाकडी माळे, वाडे, चाळी

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी, पुण्यातले वाडे, कोकणातली माळ्याची घरं. इथे स्लॅब नाही, कडीपाट आहे, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, वर कोबा किंवा शहाबादी. सागवान चांगलंच असतं, शंभर वर्षं उभं आहे, पण तुळईचं टोक जिथे भिंतीत घुसतं तिथे ओल धरून ते कुजतं किंवा वाळवी लागते, आणि ती जागा नेमकी दिसत नाही. भिंतीलगत टँक ठेवा हा नियम इथेही आहे पण भिंतीतलं टोकच गेलेलं असेल तर त्याचा काय उपयोग.

टेबलावर ग्लासभर पाणी ठेवा, खोलीच्या मध्ये उभं राहून टाच जोरात आपटा. पाणी थरथरलं, काचेची भांडी वाजली तर जमीन लवचीक आहे, असल्या खोलीत दोन-अडीच फुटाच्या वरचा टँक मी ठेवणार नाही. ठेवायचाच तर कड्यांची दिशा बघा, खालच्या खोलीतून स्पष्ट दिसते, आणि टँकची लांबी कड्यांना आडवी येईल असा ठेवा म्हणजे वजन चार-पाच कड्यांवर वाटलं जातं. समांतर ठेवला की सगळा बोजा एका-दोन कड्यांवर.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची घरं लाकडी असतात, त्यांनाही हेच. तिथे राहत्या खोल्यांना चौरस फुटाला ४० पौंड धरतात, म्हणजे आपल्या २०० किलोच्याच आसपास, आणि झोपायच्या खोल्यांना ३० पौंड. जॉइस्ट, म्हणजे तिथल्या कड्या, बहुतेक १६ इंचांवर असतात, आडवा सहा फुटी टँक चार-पाच जॉइस्टवर बसतो. बेसमेंट असेल तर सरळ बेसमेंटमध्ये ठेवा, तिथे जमिनीवरचं काँक्रीट आहे.

तळमजल्यावर, जोत्यावर घर असेल तर स्लॅबची चिंता नाही, चिंता भरावाची. मुरूम नीट ठोकून बसवलेला नसेल तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत जमीन खचते आणि टँक एका बाजूला कलतो. नवीन बंगल्यात दोनेक पावसाळे जाऊ द्या. पायाच्या भिंतीला लागून ठेवायचा मात्र मोह होतो तेवढा फायदा नसतो, कारण भराव नेमका कडेलाच नीट ठोकला जात नाही.

स्टँड आणि टाईल

स्लॅब पास झाला तरी टाईल नापास होऊ शकते. ९०० किलो चार पायांवर म्हणजे एका पायावर सव्वादोनशे किलो. पाय एक इंची चौकोनी पाईपचा असेल तर चौरस सेंटीमीटरला ३५ किलोचा दाब, दीड इंची असेल तर १५-१६. घट्ट बसलेली टाईल हे सहज घेते, पोकळ टाईल घेत नाही. म्हणून आधी टाईल वाजवून बघा, दहाच्या नाण्याने किंवा बोटाच्या पेराने, ठक्क आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर खाली मसाला नाही, ती टाईल काढून परत बसवून घ्या.

सहा फुटी स्टँडला सहा पाय हवेत आणि खालून सगळीकडे फिरणारी आडवी पट्टी हवी म्हणजे वजन रेषेत उतरतं. फॅब्रिकेटर ते वाचवतो, तुम्ही भांडून करून घ्या. खाली १८ एमएम मरीन प्लाय टाकला तर अजून पसरतं. टँक आणि स्टँडच्या मध्ये फोम किंवा थर्माकोलची शीट, काचेखाली एक बारीक खडा जरी राहिला तरी तिथून तडा जातो.

जमीन लेव्हलमध्ये असतेच असं नाही, बाल्कनीच्या दाराकडे ढाळ असतो. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावा, लांबीला आणि रुंदीला, आणि फरक स्टँडखाली स्टीलच्या पत्र्याने भरा, पुठ्ठ्याच्या घड्या घालून नाही.

भरताना घाई करू नका

एका दिवसात भरायचा नाही. आधी रिकामा टँक स्टँडवर ठेवून स्कर्टिंग आणि जमिनीमधली फट बघा, पेन्सिलने खूण करा, मोबाईलवर फोटो काढा तारखेसकट. खालच्यांच्या छताचाही फोटो, त्यांना विचारून, म्हणजे नंतर जुनी भेग तुमच्या नावावर लागणार नाही. मग पाव भरा, एक दिवस थांबा. अर्धा भरा, थांबा. पाणी हीच सगळ्यात अचूक लेव्हल आहे, चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. चारही सारखे असतील तर उत्तम. दोन-तीन एमएमचा फरक सुरुवातीपासून असेल आणि तेवढाच राहिला तर चालतं. अंतर दर आठवड्याला बदलतंय, फरक वाढत चाललाय, तर जमीन खाली जातेय. पहिले दोन महिने आठवड्याला मोजा, मग महिन्याला.

सोबत बघायच्या गोष्टी: स्कर्टिंगखालची फट वाढली, टाईल मध्येच फुगून उठल्या, शेजारचा दरवाजा चौकटीत घासायला लागला, खालच्यांच्या बीमला कॉलमजवळच्या टोकाशी तिरपी भेग आली. नुसती प्लास्टरवरची केसाएवढी रेघ वेगळी, ती कुठेही येते. पण तिरपी भेग किंवा वाढणारी भेग दिसली की त्याच दिवशी अर्धं पाणी काढा आणि मग इंजिनियरला फोन करा. खाली लोखंडी जॅक लावून देतो म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर भेटेल, त्याला हो म्हणू नका, एका बिंदूवर चुकीचा टेकू लावला तर धड असलेला स्लॅब वरून फाटतो, आणि टेकू जिथे उभा करणार तो खालच्यांचा स्लॅबही शेवटी स्लॅबच आहे.

इंजिनियर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियर, आरसीसीचं डिझाइन करणारा. आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझायनर नाही. तो आला की त्याला तीन गोष्टी हातात द्या: एकूण वजन, स्टँडचं माप, आणि टँक कुठे ठेवणार त्याचा प्लॅन. सोसायटीकडे बिल्डरने दिलेली आरसीसी ड्रॉइंग असली तर त्याचं काम तासाभराचं आहे, नसली तर त्याला सळई स्कॅन करावी लागेल, खर्च वाढतो. त्याचं लेखी पत्र घ्या आणि एक प्रत सोसायटीला द्या, सेक्रेटरी कितीही मित्र असला तरी.

स्लॅब पडण्यापेक्षा पाणी गळणं जास्त होतं

चांगल्या बिल्डिंगमध्ये टँकमुळे खरं भांडण होतं ते गळतीवरून. ६०० लिटर पाणी हॉलमध्ये मोकळं सुटलं तर ते पाच मिनिटांत टाईलच्या सांध्यांतून खालच्यांच्या फॉल्स सीलिंगमध्ये असतं. हॉलच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग नसतं, ते फक्त बाथरूम आणि गच्चीला करतात. त्यामुळे एक जुना पंप आणि बाथरूमपर्यंत पोचेल एवढा पाईप स्टँडच्या कपाटातच ठेवा, शोधाशोध करायला लागू नये. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली टपकतं, आणि त्या लाईनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते बघा.

समुद्री टँकवाल्यांनी अजून एक. सम्पमधून, पाईपच्या सांध्यांतून जे पांढरं मीठ बाहेर साचत राहतं ना, ते पुसताना जमिनीवर ओघळतं, टाईलच्या फटीतून खाली मसाल्यात आणि तिथून काँक्रीटमध्ये मुरतं, आणि मिठातलं क्लोराइड सळईला गंज लावतं. सम्पखाली दोन इंच काठाचा प्लास्टिकचा किंवा फायबरचा ट्रे ठेवा, लोखंडी नको. वर्षातून एकदा टँकखालचे टाईलचे सांधे इपॉक्सीने भरून घ्या, त्यासाठी स्टँडच्या कपाटाचा तळ जमिनीपासून चार इंच तरी वर हवा, म्हणजे हात आणि पोछा आत जाईल, हे फॅब्रिकेटरला ऑर्डर देतानाच सांगा.